मधली धार

भंगारवाल्याने गाडीच्या पुढच्या हुकात साखळी अडकवली, तेव्हा नर्सबाई पायरीवर बसून इंजिनच्या तेलाचा रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचत होत्या.

गाडी एकतीस वर्षांची. रस्त्यावर निघाली की ट्रॅफिक पोलीस टोपी सारखी करायचा, कुणी वडीलधारं माणूस आलं म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी नर्सबाई रोज सकाळी याच गाडीतून टेकडीवरच्या सात घरांत जायच्या. कुणाचं इन्सुलिन, कुणाची मलमपट्टी, अंथरुणाला खिळलेल्या एका मास्तरांची कूस बदलायची. टेकडीवर बस जात नाही. गाडी गेली की ती सात घरं सुटली.

"अगं, किती वाचशील? पाठ करायचंय का?" नवरा म्हणाला. "लॅबवाल्यांनी स्वच्छ लिहिलंय, इंजिन आतून झिजलंय. लोखंड बघ, तांबं बघ. चढावर बंद पडली म्हणजे?"

"तेलात लोखंड आलं म्हणजे आतले भाग झिजले, कळलं. सिलिकॉन म्हणजे धूळ, तेही कळलं." बाईंनी चष्मा वर सरकवला. "हे शेवटचं काय? काजळी, तीन टक्के?"

"असेल काहीतरी."

"काजळी?" भंगारवाला साखळी सोडून सरळ उभा राहिला. "डिझेलची आहे होय ही? मला पेट्रोलची सांगितली तुम्ही."

"पेट्रोलचीच आहे."

"मग तीन टक्के काजळी कुठून येईल, बाई? ते डिझेलच्या इंजिनाचं काम."



नर्सबाईंच्या हाताखालून आजवर इतके रिपोर्ट गेले होते, की नुसता लिफाफा हुंगून त्या पेशंटचा ताप सांगतात असं लोक म्हणत. एकदा एका मिशाळ हवालदाराला रिपोर्टात तिसरा महिना लागला होता. डॉक्टर गडबडले, हवालदार खुर्चीतच बसला. बाईंनी आधी बाटलीवरचं नाव बघितलं होतं.

त्या उठल्या. "अहो, तेल कुठून काढलंत?"

"गाडीतून."

"गाडीखाली कोण शिरलं? तुम्हाला बुटाची नाडी बांधायला माणूस लागतो."

नवऱ्याने आभाळाकडे बघितलं. आभाळात काही नव्हतं.

"तो... कोपऱ्यातला डबा आहे ना."

कोपऱ्यातला डबा! शेजाऱ्यांच्या डिझेल जनरेटरमधून काढलेलं तेल, फाटकाच्या बिजागऱ्यांना लावायला चार वर्षं ठेवलेलं. वर झाकण नाही. आत गंजके नटबोल्ट भिजत घातलेले, पितळेची एक जुनी तोटीसुद्धा.

"त्यात लोखंड नाही तर काय मोती सापडणार?" बाई म्हणाल्या. "आणि फॉर्मवर पेट्रोल की डिझेल, ते?"

"ते भरायचं राहिलं."

"राहिलं, की ठेवलं?"

नवरा खाली बघू लागला. भंगारवालाही उगाच स्वतःच्या ट्रकचं चाक तपासू लागला.

"गेल्या महिन्यात त्या वळणावर टेम्पो उलटला," नवरा हळूच म्हणाला. "तू रोज एकटी जातेस. तू परत येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. चहा गार होतो, पेपरची एक ओळ वाचून होत नाही. म्हटलं, गाडी गेली तर घरी बसशील."

 बाईंनी रिपोर्टाची चौघडी केली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घातली.

"हा डब्याचा रिपोर्ट. डबा द्या भंगारात."

"आणि गाडीचा खरा रिपोर्टही असाच आला तर?"

"तर मी माझ्या हाताने साखळी अडकवीन. पण भलत्याच्या रक्तावरून माझ्या पेशंटला मेलेलं ठरवू देणार नाही. साखळी काढा हो भाऊ."

भंगारवाल्याने साखळी काढली. बाईंनी किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा सुरू झाली. तेल गरम होईस्तोवर त्यांनी ती तशीच चालू ठेवली, कारण गार तेलात गाळ तळाला बसून राहतो. मग पुढची चाकं दोन उतरत्या ठोकळ्यांवर चढवून त्यांनी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. नवऱ्याने न सांगता मागच्या चाकांना दगड लावले.

अडुसष्ट वर्षांच्या नर्सबाई पुठ्ठा अंथरून, हातमोजे चढवून, पाना आणि घमेलं घेऊन गाडीखाली शिरल्या.

"बाई, बाटली लगेच लावू नका," भंगारवाला ओरडला. "पहिली—"

"पहिली धार जाऊ द्यायची, मधली घ्यायची," खालून आवाज आला. "चाळीस वर्षं लघवीच्या बाटल्या वाटताना हेच सांगत आले. तुम्ही काय शिकवताय मला!"

भंगारवाल्याने हसू आवरलं. खिशातून कागद काढला, पेन काढलं, आणि नवऱ्याजवळ आला.

"आजोबा, मला पुढे दोन ठिकाणी जायचंय. गाडी द्यायची की नाही, एक काय ते सांगा. द्यायची असेल तर मालकांची सही लागेल."

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. टाचा जमिनीत घट्ट रोवलेल्या. आत पाना कचकन वाजला आणि घमेल्यात तेलाची धार पडू लागली.

नवऱ्याने कागद घेतला, नीट घडी करून परत भंगारवाल्याच्या हातात दिला.

"आज सही मिळायची नाही," तो म्हणाला. "मालक कामात आहेत."