हॉलमधलं रेकॉर्डिंग

डब्यावरचा निळा दिवा नुसताच लुकलुकत होता. सुदेशने वायर काढली, जरा थांबून पुन्हा लावली. आतला पंखा घरघरला आणि दिवा परत लुकलुकायला लागला. त्याच्यापुढे काहीच नाही.

"सुरू झाला?" आबांनी मागून विचारलं.

"नाही अजून."

आईचं तेरावं नुकतंच झालं होतं. शेवटचे पाहुणे गेले तसं आबांनी सुदेशला फोन करून कोलशेतहून कळव्याला बोलावून घेतलं. ऑफिसला सुट्टी टाक म्हणाले. या डब्यासाठी.

डबा सुदेशनेच आणून बसवलेला. आत दोन हार्ड डिस्क. घरातले फोटो त्यात साठायचे, आणि हॉलमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही. घरात आई-आबा दोघंच. आईला बीपीचा त्रास, आबांचा पाय घरात ठरत नाही, म्हणून कॅमेरा. सुदेशला तो मोबाईलवरही दिसायचा. आई गेली त्या रात्री बिल्डिंगची वीज गेली. ती आली, पण डबा काही चालू झाला नाही.

आबांना फोटो नको होते.

"मला एवढंच बघायचंय, तिने मला हाक मारली का," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, लगेच गेल्या असतील. असतील म्हणजे काय?"

त्या दुपारी आबा केस कापायला गेले होते. येताना कट्ट्यावर कोणी ओळखीचे भेटले, तिथेच बसले. घरी आले तेव्हा आई हॉलमध्ये जमिनीवर होती, सोफ्याला टेकलेली, अंग गार पडलेलं. भेटायला येईल त्याला आबा एकच सांगत होते. सलूनमधून सरळ आलो असतो तर.

सुदेशने अडॅप्टर बदलून पाहिला. राऊटरचा काढून याला लावला. तेच. मग त्याने दोन्ही डिस्क बाहेर ओढून काढल्या आणि रिकामाच डबा चालू केला. हा सुरू नाही झाला तर बरं, असं त्याला मनातून वाटत होतं. जळलाय म्हणून सांगितलं असतं. आबांनी पुढे काही विचारलं नसतं.

डबा टुंग करून वाजला.

"वाजला," आबा म्हणाले.

"हो." सुदेशने डोळे चोळले. "म्हणजे डबा चांगला आहे. एखादी डिस्क अडवतेय त्याला."

पहिली डिस्क घातल्यावर आतून कट्कट् आवाज यायला लागला. त्याने ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी घातली. दिवा बराच वेळ लुकलुकला, मग स्थिर झाला. दोन्हींवर तेच साठत होतं. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत होतं.

लॅपटॉपवर तारखेप्रमाणे फोल्डर उघडले.

"आबा, मी आधी एकटा बघतो. मग तुम्ही."

"नको. लाव."

त्याने लावलं. आई टीव्ही बघत होती. मग उठली, टीपॉयला धरून जरा उभी राहिली आणि हळूच खाली बसली. पडली नाही. सोफ्याला पाठ टेकून तिने पाय लांब केले.

"आवाज नाही का?"

"याच्यात आवाज येत नाही."

मोबाईल टीपॉयवर होता, तिचा हात सहज पोचला असता. तिने तो घेतला नाही. दाराकडे सरकली नाही. छातीवर तळहात ठेवला, मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले.

आबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले.

"मला हाक नाही मारत ती," ते म्हणाले. "तुझ्याशी बोलतेय."

सुदेश त्यांच्याकडे वळला.

"रोज बोलायची. तुला मोबाईलवर दिसतं ना. दुपारी ताट घेऊन बसली की वर बघून विचारायची, जेवलास का रे. मी चेष्टा करायचो तिची."

"आबा, मी बघत नव्हतो," सुदेश म्हणाला. "कोणी जरा हललं की मोबाईल वाजायचा. दिवसभर तेच. मीटिंगमध्येपण. म्हणून मी ते बंद करून टाकलेलं. कधीचंच."

"तुझं खरं आहे रे," आबा म्हणाले. "पण तिला ते कुठे माहीत."

स्क्रीनवर आईने आणखी काहीतरी सांगितलं. थोडं, दमादमाने. मग मान हलवली, पलीकडून कोणी बरं म्हटल्यावर हलवावी तशी. हात मागे नेऊन तिने सोफ्यावरची ओढणी ओढली. ती गाऊनवरून दोन्ही खांद्यांवर घेतली, पुढे सारखी केली. घरात कोणी परकं माणूस येणार असलं की ती अशीच घ्यायची. आणि दाराकडे तोंड करून बसली.

सुदेशने रेकॉर्डिंग थांबवलं. खालच्या पट्टीवर अजून बरंच बाकी होतं. त्याने लॅपटॉप मिटायला हात घातला. आबांनी त्याचं मनगट धरलं.

"बंद नको करूस. तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. आता शेवटपर्यंत बघू."

सुदेशने पुन्हा चालू केलं. आई दाराकडे बघत होती.