सहीआधीचे प्रश्न

"आजी, मुलं किती तुम्हाला?"

"मुलं? मला कुठली आली मुलं!" म्हातारीने उशीवरच मान हलवली.

वकीलबाईंचं पेन कागदावर थबकलं. या बाईंचा सख्खा मुलगा दाराबाहेर उभा होता. वकील बोलावला होता तोही त्यानेच.

"मग बाहेर उभे आहेत ते कोण?"

"तो होय? विजेचं मीटर बघायला आलाय. सकाळपासून बघतोय बिचारा. बिल वाढणार बहुतेक."

एरवी वकीलबाई हसल्या असत्या. पण हे त्यांचं पहिलं स्वतंत्र काम होतं. मुलांच्या परीक्षा संपल्यावर स्वतःच्या परीक्षा दिलेल्या, चाळिशी उलटल्यावर वकिलीची सनद मिळालेली. केस पिकलेले आणि कोट कोरा. कोर्टात परके लोक त्यांना सीनिअर समजत आणि त्या तोंड उघडेपर्यंत तसंच समजत राहत. ज्यांच्या हाताखाली त्या काम शिकत होत्या, त्या मॅडमनी आज फाइल हातात देऊन एकटीला पाठवलं होतं. आजारी बाई, राहता फ्लॅट मुलाला बक्षीस देणार, कागद तयार आहे, सही घेऊन ये. "सही आणलीस की पुढची कामं तुझी तू कर. नाहीतर आहेतच फाइली उचलायला."

सही कशी घ्यायची, तेही मॅडमनी शिकवलं होतं. आधी खोली रिकामी कर. मुलगा असो, सून असो, सगळे बाहेर. मग वार विचार, मुलं विचार, मालकीचं काय काय आहे ते विचार. उत्तरं सरळ आली तर कागद पुढे कर. नाही आली तर ऊठ.

उत्तरं सरळ येत नव्हती. आज वार कुठला, तर म्हणे सुट्टीचा. मालकीचं काय, तर ही उशी. वकीलबाईंनी फाइल मिटली आणि त्या उठल्या. पहिलंच काम, आणि तेही रिकाम्या हाताने.

"दार नीट लागलंय का बघ," म्हातारी म्हणाली. आवाज एकदम वेगळा होता.

दार लागलेलं होतं.

"आज गुरुवार. मुलगा एक, मुलगी एक. मुलगी बोलत नाही माझ्याशी, चूक माझीच होती. मालकीचा हा फ्लॅट आणि बँकेत औषधापुरते पैसे. झालं तुझं?"

वकीलबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. "मग मघाशी ते सगळं…"

"अगं, फ्लॅट त्यालाच द्यायचाय. मी काय वर घेऊन जाणार आहे? पण सही राहिलीय म्हणून तो दर महिन्याला येतो. दोन दिवस राहतो." तिने पांघरुणातून हात बाहेर काढून बोटं पसरली. "नखं बघ. काल त्यानेच कापली. लहानपणी मी कापायला बसले की घर डोक्यावर घ्यायचा. सही झाली की काम झालं, आणि काम झाल्यावर कोण कुणाकडे येतंय!"

"आणि आधीचे वकील?"

"दोघं येऊन गेले. दोघांनाही असंच घोळात घेतलं. एकाला तर जावईबापू म्हटलं, तो चहा न पिताच पळाला." म्हातारी खुदकन हसली. मग तिने वकीलबाईंचं मनगट धरलं. पकड अशक्त होती, पण सोडत नव्हती. "बाई, तूही तेवढंच कर. मला काही कळत नाही म्हणून सांग."

"आजी, खोटं कसं सांगू?"

"खोटं कुठे? तू विचारलंस, मी उत्तर दिलं. कानांनी ऐकलंस तेवढं सांग."

आजी पूर्ण शुद्धीत होत्या. आणि त्यांना सही करायची नव्हती. म्हणजे सही नाही, इथवर सरळ होतं. फक्त बाहेर जाऊन 'नाही' कसं म्हणायचं, हा धडा अजून झालेला नव्हता.

वकीलबाईंनी दार उघडलं. मुलगा पुढे आला. त्याच्यामागे सोफ्यावर, साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलेले दोन शेजारी बसले होते.

"झाली सही?"

"नाही."

"का?"

त्या एका अक्षरापुढे वकीलबाई गडबडल्या. कमी बोललं तर याला संशय येईल असं त्यांना वाटलं. म्हातारीचा पुढचा महिना आपल्या हातात आहे असंही वाटलं. मग त्या जरा जोर लावूनच बोलल्या. "आई भानावर नाहीत. त्या तुम्हालासुद्धा ओळखत नाहीत. अशा माणसाची सही घेता येत नाही. पुढच्या महिन्यात या, तेव्हा बघू."

"कोण आलंय गं?" आतून म्हातारीने साथ दिली. "दूधवाला असेल तर म्हणावं, आज नको!"

वकीलबाईंना हसू आवरेना. इतकं सफाईदार आपण कोर्टातसुद्धा कधी बोललो नव्हतो, असं त्यांच्या मनात आलं.

मुलगा निराश झाला नाही. त्याने मागे वळून शेजाऱ्यांकडे पाहिलं. "ऐकलंत ना?" दोघांनी माना डोलावल्या.

"आधीचे दोन्ही वकील 'आज नको' एवढंच म्हणून निघून गेले," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्याने एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "कारण सांगितलंत ते तुम्हीच. आता तेवढं लेखी द्या, मॅडम. कोर्टाकडून मी आईचा पालक नेमून घेतो, घराचे कागद मीच करतो. मग सहीसाठी मला दर महिन्याला इथवर यायला नको."