देवळामागचा खांब

कीर्तनाचा पूर्वरंग संपवून धुंडिराजबुवा हार घालून घ्यायला वाकले, तोच खुंटीवरच्या झांजा आपोआप किणकिणल्या.

"घाटात कुणीतरी ब्रेक मारला, बुवा," तबल्यावरचे विसूभाऊ म्हणाले. सगळा मंडप हसला. गावाला आता सवय झाली होती. घाटातल्या गाड्या हल्ली धक्का न बसता जागच्या जागी थांबत, आणि त्यांचा संवेग देवळामागच्या लोखंडी खांबात उतरे. संवेग काही नाहीसा होत नाही, तो कुणाला तरी घ्यावाच लागतो, असं ही ब्रेकची यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने ग्रामसभेत समजावलं होतं. बदल्यात नवा सभामंडप मिळणार होता. खांब कुणाच्या दारात रोवायचा यावरून हमरीतुमरी झाली, तेव्हा बुवाच उठून म्हणाले होते, "देवळामागे रोवा. देव सोसेल."

बुवांनी उत्तररंगाला सूर लावला आणि खांब तोफेसारखा दणाणला. मंडपाची भिंत विसूभाऊंवर कोसळली. लोकांनी धावून दगड उपसले, पण बुवांचा तीस वर्षांचा साथीदार गेला होता.

तेवढ्यात बुवांचा फोन वाजला. कीर्तनाला यायला निघालेली त्यांची लेक अनसूया बोलत होती.

"बाबा, देवच पावला हो! आमची भरलेली बस दरीच्या कठड्याशी अश्शी थांबली! पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. विसूकाकांना सांगा, त्यांचे आवडते पेढे आणतेय."

बुवांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. मूर्तीवरचं फूलसुद्धा ढळलं नव्हतं.

"सावकाश ये, बाळ," ते म्हणाले.