मागचं डावं चाक

ब्रेकचे लायनर लवूला सकाळीच मिळाले होते. घोडं अडलं होतं ते एका पिनीपाशी. करंगळीएवढी, खिळ्यासारखी पिन. तिच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर वाटी. लायनर जागच्या जागी धरून ठेवायचा, एवढंच तिचं काम. जुनी पार गंजली होती; पक्कड लावली तशी तिचं डोकं तुटून हातात आलं. तेव्हापासून मुलुंडला सोसायटीच्या आवारात त्याची शाळेची व्हॅन जॅकवर तिरकी उभी होती आणि लवू दुकानं पालथी घालत होता.

एरवी शनिवारची दुपार झोपेची. सोमवार ते शुक्रवार सकाळी पोरं, आणि रोज रात्री ऐरोलीच्या एका कंपनीची माणसं. एक खाडा झाला तरी सुपरवायझर दुसरी गाडी लावायला तयारच असायचा.

पहिल्या दुकानात पिन सुटी येत नव्हती. दुसऱ्याने दुसऱ्याच गाडीची दाखवली, ती अर्ध्या पेराने लांब. तिसरीकडे गर्दी होती. लवू काउंटरला टेकला आणि उभ्याउभ्याच पेंगला.

“ओ काका, पडाल!” दुकानदाराने त्याला हलवलं. तुटकी पिन पाहून म्हणाला, “तारेने आवळून टाका ना. चालून जातं.”

“सात पोरं असतात गाडीत.”

“मग कांजूरला जा. भंगारात मिळाली तर मिळाली.”

कांजूरमार्गच्या गोदामात गाड्यांचे सांगाडे एकावर एक रचलेले होते. फाटकाजवळच्या खुर्चीतून पन्नाशीचा एक माणूस उठला आणि उजवा पाय ओढत आला. त्याने लवूकडची तुटकी पिन तळहातावर घेऊन फिरवून पाहिली.

“सकाळपासून शोधतंय, खंय गावणा नाय,” लवू स्वतःशीच पुटपुटला.

माणूस हसला. “मालवणी काय रे? मी दत्ताराम. चल मागे.”

मागे कुंपणाला लागून लवूच्याच मॉडेलची व्हॅन उभी होती. मागून धडधाकट, पुढून मात्र स्टेअरिंगपर्यंत पत्रा आत गेलेला.

“मागचं डावं चाक खोल,” दत्ताराम म्हणाला. “उजव्याच्या पिना गंजल्यात. डाव्याच्या नव्या आहेत.”

लवूने चाक काढलं. ड्रम मात्र जागचा हलेना. त्याने हातोडी उचलली, तसा दत्तारामने त्याचा हात धरला. “ठोकू नको, तडकेल.” त्याने खिशातून दोन बोल्ट काढले आणि ड्रमच्या दोन भोकांत आळीपाळीने पिळले. ड्रम हळूहळू बाहेर सरकला. लवूला ही युक्ती वीस वर्षं ठाऊक होती. आज डोकंच चालत नव्हतं.

आत लायनर जाडजूड होता, पिना चकचकीत. लवूने पक्कडीने वाटी दाबून पाव फेरा फिरवला. पिन अलगद हातात आली.

“ब्रेक तर झकास आहेत हिचे,” तो म्हणाला. “मग ही ठोकली कशी?”

दत्ताराम बोल्ट पुसत राहिला.

“आणि डावीकडच्या पिना नव्या, हे तुला काय ठाऊक?”

“मीच घातल्या. चतुर्थीच्या आधी.”

“म्हणजे ही तुझी गाडी?” लवूने विचारलं.

“ब्रेक बरे होते,” दत्ताराम म्हणाला. “पाय गेलोच नाय ब्रेकार. माझो डोळो लागलो. रात्री हॉस्पिटलची गाडी, सकाळी शाळा.”

“पोरांक?”

“दोघांक लागला. वाचली सगळी.” त्याने बोल्ट खिशात टाकले. “आई-बाप विचारत होते, ब्रेक फेल झाले काय? तीन दिवस होय म्हटलंय. चौथ्या दिवशी खरा सांगून टाकलंय.”

लवू पिन रुमालात गुंडाळू लागला. नीट गुंडाळली होती, तरी पुन्हा सोडून गुंडाळली.

“तू रे?” दत्तारामने विचारलं. “रात्रीची गाडी मारतोस?”

“नाय,” लवू म्हणाला.

साडेपाचला पिन बसली. लवूने चाक चढवलं, जॅक उतरवला आणि आवारातच दोन चकरा मारल्या. पायाचा भार पडला की गाडी जागच्या जागी थांबत होती. त्याची बायको प्रेमा चहा घेऊन खाली आली, तेवढ्यात फोन वाजला.

“लवू, सात वाजता ऐरोली,” सुपरवायझर म्हणाला. “गाडी झाली ना?”

“झाली.”

“ब्रेक?”

“एकदम चोख.”

“मग निघ ना वेळेवर. गेल्या वेळसारखा दहा मिनिटं उशीर नको.”

लवूने इंजिन बंद करून चावी काढली. प्रेमा कप धरून गाडीच्या दाराशी उभी होती.

“दुसरी गाडी बघा, साहेब,” तो म्हणाला. “मला झोप आलीय.”