मोकळी गल्ली
खळीची बादली घेऊन लहानू बाहेर आला, तर गल्लीच्या तोंडाशी राहणारा ईश्वरदास आपल्या दारातला खुंटा उपटत होता. वीस वर्षं लहानूच्या ताण्याचं एक टोक त्याच खुंट्याला बांधलं जायचं. नागपुरातल्या विणकरांच्या त्या बंद गल्लीत रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं असायचं आणि दोघं मिळून त्याला खळ लावायचे. ऐंशीच्या निवडणुकीत गल्लीत दोन झेंडे लागले. काल दगडही पडले.

"झेंडा वेगळा झाला म्हणून खुंटाबी काढून राहिला का गा?" लहानू ओरडला. "सुतानं तुह्यं काय बिघडवलं?"

ईश्वरदासनं खुंटा बाजूला टाकला. खड्ड्यात माती लोटली, पायानं दाबली. मग लहानूच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला,

"आमच्यातले पोट्टे रॉकेल जमवून राहिले. माह्यं कोणी ऐकत नाही. तुह्यं घर गल्लीच्या शेवटी. लेकरं घेऊन पळायची वेळ आली, तर वाटेत सूत नको."