स्लॅबखाली

मिस्त्रीच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम उभं राहिलं. उद्घाटनाआधी चाचणी ठरली: चार हजार कामगारांनी वरच्या स्टँडमध्ये एकदम उड्या मारायच्या. त्या स्टँडचा स्लॅब मिस्त्रीनेच ओतलेला; नेहमीच्या रिवाजाने तो आपल्या स्लॅबच्या अगदी खाली जाऊन उभा राहिला.

"अहो, बाहेर या! वेड लागलंय का?" बायको ओरडली.

"माझा स्लॅब. मी नाही तर कोण उभं राहणार?"

"मग सरका तिकडे," म्हणत ती शेजारी येऊन उभी राहिली.

शिट्टी झाली. डोक्यावर आभाळ गडगडलं. खांबाला लावलेल्या तळहातात थरथर आली नि विरली. चिमूटभर धूळही पडली नाही.

"बाई गं!" एवढंच ती म्हणाली.

मिस्त्री वारला तो अकरा वर्षांनी, सामन्याच्या रविवारी दुपारी, घरच्या पलंगावर. त्या वेळी स्टेडियमभर वीस हजार माणसं उड्या मारत होती, त्याच्या स्लॅबवरही.