वीकेंडची पाच वाक्यं

"‘इन द वीकेंड’ नव्हे, सोल्मी. ‘ऑन द वीकेंड’."

मारिवेलने हेडफोन कानावर घट्ट दाबला. फिलिपिन्समधल्या दुमागेते शहरातल्या त्या कार्यालयात तीस बायका कोरियातल्या मुलांना फोनवरून इंग्रजी शिकवत होत्या. चेहरा दिसायचा नाही, फक्त आवाज. कोरियन बोलायला बंदी, खरं नाव सांगायलाही. सोल्मीसाठी ती ‘टीचर जॉय’ होती.

आज महिन्याची परीक्षा. वीकेंडवर पाच वाक्यं. सोल्मीच्या वडिलांनी कळवलं होतं, ‘या वेळी नापास झाली तर अमेरिकन शिक्षिका लावू.’

शेजारच्या टेबलावरची लिगाया सकाळी म्हणालीच होती, "एवढा जीव का टाकतेस गं? एक पोरगी गेली तर चार येतील."

"हिला शिकवायला मजा येते," एवढंच मारिवेल म्हणाली होती.

"घाई नको, बाळ. शनिवार असेल तर?" मारिवेलने फोनवर विचारलं.

"ऑन."

"सकाळ?"

"इन."

"शाब्बास. आता तुझं तू सांग."

पलीकडे लसूण ठेचल्याचा आवाज येत होता. मध्येच आजी कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटली. मारिवेलला हसू आलं.

"आजी म्हणते, फोनवर बोलून पोट भरतं का? जेवायला ये," सोल्मीने इंग्रजीत सांगितलं.

"आधी वाक्यं."

पहिली दोन बरोबर आली. शनिवारी आजीबरोबर बाजार, सकाळी पोहणं. तिसऱ्याला ‘ॲट संडे’ झालं. चौथंही चुकलं. पाचवं सोल्मीला जमलंच नाही.

"टीचर, आता तुम्ही जाणार?"

मारिवेलने टेबलाची कड धरली. निकाल तिथल्या तिथे घरच्या मोठ्या माणसाला ऐकवायचा, असा नियम होता. वडील कामावर होते. घरात आजीच, आणि तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पाचपैकी पाच गुण सांगावेत, असं क्षणभर वाटलं. पण पोर ऐकत होती. शिक्षिकेचं खोटं मुलं जन्मभर लक्षात ठेवतात.

"पाचपैकी दोन," ती म्हणाली. "आजीला सांग."

सोल्मीने रडत रडत सांगितलं. लसूण ठेचायचा आवाज थांबला. आजीने तिला तोंड धुवायला पिटाळलं आणि फोन स्वतःच्या हातात घेतला.

"माझ्या लेकाला मी पाच सांगते," म्हातारी हळू आवाजात, कोरियनमध्ये म्हणाली. "तुझा आवाज मी केव्हाच ओळखलाय. तू फोन करत राहा, सूनबाई."